दुरुस्त केलेली उपकारस्तुती

दिवाळी अंकात पाद्र्याचा लेख दिसला की वाचकाला दोन गोष्टींची भीती वाटते. एक, हा उपदेश करणार. दोन, हा लांबण लावणार. उपदेश करणार नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते वाचल्यावर माझ्याकडून उपदेश ऐकून घ्यायला कोणी तयार होणार नाही. लांबणीचं मात्र सांगता येत नाही. पस्तीस वर्षांची सवय आहे.

संपादक फोनवर म्हणाले होते, "पाळकसाहेब, जरा गमतीजमती येऊ द्या. तुमच्या कामात काय फजित्या होतात ते बाहेरच्यांना कुठं कळतं?" फजित्यांना तोटा नाही. एका लग्नात मी नवरदेवाच्या जागी त्याच्या धाकट्या भावाचं नाव घेऊन शपथ सुरू केली होती, आणि तो धाकटा "होय" म्हणून मोकळा झाला होता. एका अंत्यविधीला "आजच्या या आनंदाच्या प्रसंगी" अशी सुरुवात केली होती, तेव्हा मयताची थोरली सून पहिल्या रांगेत खुदकन हसली होती. असल्या गोष्टी मी पंगतीत रंगवून सांगतो. पण कागद पुढे घेतला की एकच रविवार डोळ्यांपुढे येतो. त्या रविवारी जो हादरा बसला तो अजून पुरता उतरलेला नाही. तेव्हा तोच सांगतो.

आधी थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या उपासनेत उपकारस्तुती नावाचा एक भाग असतो. देवानं आपल्यावर काही विशेष कृपा केली असं ज्याला वाटतं, तो एका चिठ्ठीवर नाव आणि कारण लिहितो आणि दानाची पिशवी पुढे आली की तीत टाकतो. ही पिशवी म्हणजे लांब दांड्याला लावलेली मखमलीची थैली. मंडळीचे पंच, म्हणजे चर्चच्या कमिटीतली वडीलधारी माणसं, ती रांगारांगांतून फिरवतात. मग पाळक व्यासपीठावरून एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचतो. अमक्यांची बायपास नीट पार पडली. तमकीची मुलगी नर्सिंगला लागली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. प्रत्येक चिठ्ठीनंतर पाळक आशीर्वादाचं एखादं वाक्य बोलतो आणि सगळी मंडळी "आमेन" म्हणते. आठवडाभर माणूस जे मनातल्या मनात देवाला म्हणत असतो, ते इथं चारचौघांत म्हटलं जातं. मला आजही उपासनेतला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. प्रवचनाला डुलक्या घेणारी माणसं चिठ्ठ्यांना टक्क जागी असतात, यावरून काय ते समजा.

सुरुवातीची काही वर्षं मी मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातल्या मंडळीत होतो. तिथं पहिल्याच महिन्यात एक चिठ्ठी आली : "आमच्या शारदेला दोन झाली. तिघंबी सुखरूप हायेत. देवाची उपकारस्तुती." मी नवा, उत्साही. डोळे मिटले आणि सुरू झालो : "प्रभू, ही दोन्ही लेकरं ज्ञानानं वाढोत, शारदाबाईंना भरपूर दूध येवो, आणि या दोघांतलं एक तरी तुझ्या सेवेला लागो." आमेन कोणी म्हणेना. डोळे उघडून पाहतो तर सगळ्यांचे खांदे हलतायत. शेवटी मागून एक म्हातारा कळवळून म्हणाला, "पाद्रीसाब, शारदा शेळी हाय की हो!"

त्यातलं एक नाताळात खरोखरच सेवेला आलं. मी दोनदा रस्सा मागून घेतला.

पण त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की यापुढे कुठलीही चिठ्ठी कच्ची वाचायची नाही. पिशवी फिरते तेव्हा गाणं चालू असतं. चिठ्ठ्या माझ्यापुढे येईपर्यंत शेवटची दोन कडवी उरलेली असतात. त्या दोन कडव्यांत मी पेन्सिल घेऊन प्रत्येक चिठ्ठी दुरुस्त करायला लागलो. लोक फार उघडं लिहितात हो. "नणंद एकदाची वेगळी राहायला गेली." मी कडेला लिहायचो, "कुटुंबात सलोखा." "भावकीच्या बोअरला धूळ निघाली, आमच्या बोअरला पाणी लागलं." मी लिहायचो, "पाण्याचा आशीर्वाद." "साहेबाची बदली झाली." "नोकरीत कृपा." नणंद रांगेत बसलेली असायची, भावकी बसलेली असायची, एकदा तर तो साहेबही बसलेला होता. सगळे खूश. पुढे सोलापूरच्या मंडळीत आलो तोवर माझा हात असा काही बसला होता, की पंच म्हणायचे, "पाळकसाहेबांच्या तोंडून साधा ताप उतरला तरी गीतासारखा वाटतो." मला गुदगुल्या व्हायच्या. फक्त माझी बायको सुलभा, जी शाळेत शिक्षिका होती, ती म्हणायची, "मुलांचे पेपर तुम्हीच लिहिता आणि तुम्हीच तपासता. मग नापास कोण होणार?"

माझ्या या कौशल्यापायी एक बाई जिवानिशी जायची वेळ आली होती. आणि ती मला तीन वर्षं तेच सांगत होती.

रूथबाई आमच्या मंडळीतल्या. मूळच्या मोडनिंबच्या, वय पन्नाशीचं. भवानी पेठेतल्या एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायच्या. बोलणं कमी. त्यांचे यजमान शमुवेलराव म्हणजे मंडळीचे पंच, भजनाला तबल्यावर तेच, आणि माझ्या बंगल्यातली पाण्याची टाकी गळायला लागली की न बोलावता पाना घेऊन येणारेही तेच. बायकांच्या बाजूला दानाची पिशवी फिरवायचं कामही त्यांचंच होतं. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाच्या रविवारी रूथबाई घडी घातलेली चिठ्ठी घेऊन यायच्या आणि नवऱ्यानं पुढे धरलेल्या पिशवीत टाकायच्या. शमुवेलराव हसून मान डोलवायचे. व्यासपीठावरून मला वाटायचं, काय जोडा आहे!

माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली. पण घरी बसेन तर मी कसला? काळा चष्मा लावून व्यासपीठावर खुर्ची टाकून बसलो. चिठ्ठ्या वाचायला आमच्या मंडळीतली करुणा उभी राहिली. ती शाळेत विज्ञान शिकवते. कागदावर जे असेल ते खणखणीत वाचायचं, एवढंच तिला माहीत. आशीर्वादाचं वाक्य मात्र मी माझ्याकडे ठेवलं होतं.

काळ्या चष्म्याचा एक फायदा आहे. आत डोळे मिटले तरी बाहेर कळत नाही. गाण्याच्या शेवटच्या कडव्याला मला पेंग आली. करुणाचा आवाज लांबून येत होता. एका चिठ्ठीला मी "देव आरोग्य देवो" म्हटलं, दुसरीला "देव यश देवो." पस्तीस वर्षं केलेलं काम झोपेतही होतं.

"रूथबाई शमुवेल," करुणानं वाचलं. "लग्नाचा एकतिसावा वाढदिवस."

माझ्या कानांनी तेवढंच घेतलं आणि वाक्य तयार करून ठेवलं. करुणा पुढे वाचत होती.

"गेल्या महिन्यात यांनी माझा गळा दाबला. शेजारच्या अक्काने दार वाजवले म्हणून जीव वाचला. अक्कासाठी देवाची उपकारस्तुती."

आणि मी, डोळे मिटलेले, उजवा हात वर करून, माझ्या त्या नावाजलेल्या आवाजात म्हणालो, "देव या जोडप्याला अशीच आणखी पुष्कळ वर्षं देवो!"

"आमेन," मंडळी म्हणाली.

सवयीनं म्हणाली. जसं मी सवयीनं म्हणालो. मग तो शब्द हवेत असतानाच एकेकाच्या डोक्यात चिठ्ठी शिरायला लागली. मी डोळे उघडले. अडीचशे माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला कळेना का. मी चाचपून पाहिलं, चष्मा जागेवर होता. करुणाकडे वळलो. ती कागदावरची तीच ओळ पुन्हा वाचून बघत होती. मग मागच्या दहा सेकंदांत कानावर पडून गेलेले शब्द एकेक करून माझ्यापर्यंत पोचले. गळा. दाबला. अक्का.

खुर्चीचा म्हणून मी एक हात धरला. हात कुणाचा धरतोय हेही कळत नव्हतं. तो करुणाचा होता.

शमुवेलराव तबल्यापाशी बसलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. ते उतरवायचं राहून गेलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. या वयात बायकांचं होतं असं. पुढची वाचा, करुणाताई."

"मला नाही वाचता येणार," करुणा म्हणाली.

रूथबाई आपल्या जागी बसून होत्या. रडत नव्हत्या. मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकाची पानं सरळ करत होत्या. तेवढ्यात सुलभा उठली. बायकांच्या रांगांमधून ती त्यांच्यापाशी गेली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चला. बंगल्यावर चला." आणि भर उपासनेत दोघी बाहेर पडल्या. पस्तीस वर्षांत माझी उपासना अर्धी टाकून सुलभा कधी उठली नव्हती. शेवटचा आशीर्वाद मी कसा दिला, आठवत नाही. दिला असणार. तोंड आपोआप चालतं, तोच तर माझा रोग.

घरी आलो तर रूथबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेल्या. कुणी सांगितलं नव्हतं; रिकामं बसणं त्यांना जमत नव्हतं. मी समोर स्टूल ओढलं.

"रूथबाई," मी म्हणालो, "मला खरंच काही कल्पना नव्हती."

त्यांचा आवाज घोगरा येत होता. महिनाभर तो तसाच होता. आणि देवाशपथ सांगतो, पंधरवड्यापूर्वी चर्चच्या दारात मी त्यांना म्हणालो होतो, "सर्दी झाली वाटतं? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा." त्यांनी मान हलवली होती. दाबलेल्या गळ्यावर ही माझी औषधाची चिठ्ठी.

"मागल्या वर्षी लिव्हलं हुतं की," त्या म्हणाल्या.

"काय लिहिलं होतं?"

"त्याच्या मागल्या वर्षीबी लिव्हलं हुतं. त्याच्याबी मागल्या. तुमी दुसरंच वाचलं."

वाण्याच्या दुकानात बिलं तारेला ओवून ठेवतात, तशा मी सगळ्या चिठ्ठ्या तारेला ओवून कपाटात टांगत असे. कशासाठी? तर पुढेमागे "उपकारस्तुतीची भाषा" असं एक पुस्तक लिहायचं होतं. हसू नका. सुलभानं तारा काढल्या, जेवणाच्या टेबलावर पसरल्या, आणि भर दुपारी आम्ही तिघं शोधायला बसलो. शोधत त्या दोघी होत्या. मी काळा चष्मा लावून नुसता बसलो होतो. एकेक सापडली तशी सुलभानं वाचून दाखवली, आधी शाईचं, मग कडेचं माझं पेन्सिलीचं.

"लग्नाचा वाढदिवस. यांनी पिरगाळलेला हात जुळून आला. देवाची उपकारस्तुती." पेन्सिल : "दुखावलेल्या हाताला आरोग्य."

"लग्नाचा वाढदिवस. यंदा उन्हाळ्याचे तीन महिने मार नाही. देवाची उपकारस्तुती." पेन्सिल : "घरात शांती."

"लग्नाचा वाढदिवस. मुलगी पुण्याला नोकरीला गेली, आता तिला हे बघावे लागत नाही. देवाची उपकारस्तुती." पेन्सिल : "कन्येस नोकरी." आणि खाली बारीक अक्षरात, "पेढे घ्यायला जाणे."

सुलभानं चष्मा काढून ठेवला. "पेन्सिलीचं अक्षर तुमचंच ना?" तिनं विचारलं. पस्तीस वर्षं ती ते अक्षर बघत होती. तरी विचारलं.

इथं मला सफाई द्यायची संधी आहे. घाई होती, गाण्याची दोन कडवी, डोळे अधू, रोजचं काम. हे सगळं खरं आहे. पण पहिल्या चिठ्ठीतला "यांनी" मी वाचला होता. दुसऱ्या चिठ्ठीला माझी पेन्सिल थांबली होती. चांगली अर्धं कडवं थांबली होती. मग मी "घरात शांती" लिहिलं, कारण ज्याच्या घरातली शांती होती तो माणूस पिशवी पोचवून पुन्हा चार हातांवर तबल्याचा ठेका धरून बसला होता आणि माझी टाकी दुरुस्त करत होता. एवढंच नाही. मन खात होतं म्हणून त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. शमुवेलराव खुर्ची पुसून आमच्या ख्रिस्ती रिवाजानं म्हणाले, "सलाम, सलाम! आज इकडं कसं येणं केलंत?" रूथबाई चहा आणि चकल्या घेऊन आल्या. आणि मी, मंडळीचा मेंढपाळ, नवऱ्याच्या देखत त्यांना विचारलं, "काय रूथबाई, सगळं ठीक ना?"

"बरं हाय," त्या म्हणाल्या.

मी तीन चकल्या खाल्ल्या आणि समाधानानं घरी आलो.

"तुम्ही मला एकटीनं येऊन का नाही सांगितलंत?" त्या दुपारी मी विचारलं. विचारायला जीभ कशी रेटली कोण जाणे.

रूथबाई लसणाच्या साली गोळा करत म्हणाल्या, "आले असते तर तुमी ह्यांनाच बोलवून विचारलं असतं."

मी तेच केलं असतं.

"आन् गाऱ्हाणं सांगणारी बाई देवळात कुणाला आवडती, पाद्रीसाहेब? आभार मानणारी चालती. म्हणून आभार मानले." मग जरा थांबून, जणू त्यावरून आपल्याबद्दल कुणाचा गैरसमज नको म्हणून, त्या म्हणाल्या, "पण खोटं न्हाय लिव्हलं हां. हात जुळला त्याचं देवाला खरंच आभार हुतं. अक्काचं तर लईच."

मला हे सगळ्यात जास्त लागलं. हजारो उपकारस्तुती मी वाचल्या, त्यात याच तीन-चार अशा होत्या ज्यांत एकही शब्द शोभेचा नव्हता. त्याच मी सजवायला घेतल्या.

सोमवारी संध्याकाळी पंच बंगल्यावर आले. त्यातले सगळ्यात ज्येष्ठ प्रभाकरराव, निवृत्त हेडक्लार्क, शांत माणूस. शमुवेलरावही आले, कोपऱ्यात बसले, डोळे पुसले. "माझं काही चुकलं असेल तर मी तिची माफी मागायला तयार आहे," ते म्हणाले. "पण तिला घरी पाठवा. घर बंद पडलंय."

प्रभाकरराव माझ्याकडे वळले. "पुढच्या रविवारी चार ओळी वाचा, पाळकसाहेब. गैरसमज झाला, बाईंची प्रकृती बरी नाही, दोघांसाठी प्रार्थना करा. मंडळीची अब्रू आहे. तुमच्याइतकं नाजूक शब्दांत दुसऱ्या कुणाला जमणार?"

आतल्या खोलीत रूथबाई होत्या. दार लोटलेलं होतं. त्यांना सगळं ऐकू जात असणार. त्या चार ओळींवर त्यांचं घरी जाणं, आणि घरी गेल्यावर पुढचं सगळं, ठरणार होतं. आणि खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात ओळी जुळायला लागल्याही होत्या. "संसाराच्या सागरात उठलेलं क्षणिक वादळ..." पुढची ओळही चांगली होती. मला माझ्या ओळी आवडतायत हे ध्यानात आलं, आणि मीच दचकलो.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "रूथक्का हितंच हाय का?"

एक ठेंगणी बाई कापडी पिशवी घेऊन उभी होती. शेजारची अक्का. तेलुगू विणकराच्या घरातली, स्वतः विड्या वळणारी. तिनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "तिची लुगडी आणली. मीटिंग चालू हाय व्हय? मग मलाबी विचारा की. दार मी वाजवलं. उघडलं नसतं तर फोडलं असतं."

शमुवेलराव उठून म्हणाले, "अक्का, हा आमच्या समाजातला विषय आहे."

"गळा तिचा हाय," अक्का म्हणाली. मग पंचांकडे वळून : "मी म्हनलं तिला, पोलिसात चल. दर टायमाला म्हनलं. तर म्हनती, आदी देवळात सांगते, देवळातली मानसं माजी हायती. तीन वर्षं झाली. तुमच्या देवळात कुनाला ऐकू येत न्हाय का? पाद्री कोन तुमच्यात?"

मी जमिनीकडे बघत होतो. प्रभाकररावांनी बोट करून मला दाखवलं.

अक्का माझ्या काळ्या चष्म्याकडे बघत राहिली. "दिसतबी न्हाय व्हय?" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटलं.

मी आत गेलो. रूथबाई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. "रविवारी काय वाचू?" मी विचारलं. पस्तीस वर्षांत चिठ्ठी लिहिणाऱ्याला हे विचारायची ही पहिली वेळ.

"मागल्या तिन्ही वाचा," त्या म्हणाल्या. "जशा हायती तशा."

पुढच्या रविवारी मी तिन्ही वाचल्या. डोळ्यांना वाचायची गरजच नव्हती, त्या पाठ झाल्या होत्या. तरी कागद हातात धरले, नाहीतर लोकांना वाटलं असतं ही माझी वाक्यं आहेत. प्रत्येक चिठ्ठीनंतर, तेव्हा मी तिच्याऐवजी काय वाचलं होतं तेही सांगितलं. आवाज फाटत होता. त्या दिवशी कोणी म्हणालं नाही की गीतासारखा वाटतो. दुसऱ्या चिठ्ठीला शमुवेलराव मागच्या बाकावरून उठून बाहेर गेले. त्यांच्यामागे दोन पंच आपापल्या घरच्यांना घेऊन गेले. ती घरं आता दुसऱ्या चर्चला जातात आणि रस्त्यात भेटली तर मला सलाम करत नाहीत. प्रभाकरराव खाली मान घालून शेवटपर्यंत बसले. तिसरी वाचून झाल्यावर कोणाला काय करावं कळेना. मलाही. आशीर्वादाचं वाक्य मी बोललो नाही, एवढं मात्र मी नीट केलं.

मंगळवारी सुलभा आणि अक्का रूथबाईंना घेऊन पोलिस ठाण्यात गेल्या. मी येऊ का म्हणून विचारलं, तर सुलभा म्हणाली, "तुम्ही तिथं जाऊन त्यांचा जबाब दुरुस्त कराल. घरी बसा." पुण्याहून त्यांची मुलगी आली. आईला मिठी मारून रडली, आणि माझ्याकडे तिनं असं बघितलं, की मी चहा करायच्या निमित्तानं आत पळालो. चहात साखर घालायची राहिली. कोणी बोललं नाही, सगळ्यांनी तसाच प्यायला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी चिठ्ठ्या आल्या तशा वाचल्या. त्या वर्षी दोन घरांत अबोला झाला आणि एक सासू भर उपासनेत सुनेवर ओरडली. पाच-सहा बायका अशा निघाल्या, की त्यांच्या उपकारस्तुती वाचताना मला मध्येच पाणी प्यावं लागलं. त्या नव्यानं लिहायला लागल्या होत्या, की आधीपासून लिहीत होत्या, हे तारेवरच्या चिठ्ठ्या पुन्हा चाळून बघता आलं असतं. मी पुष्कळ दिवस ते धाडस केलं नाही. केलं तेव्हा काय सापडलं ते इथं लिहीत नाही. ज्यांचं आहे त्यांना जाऊन भेटलो. एकेकीला. नवऱ्याच्या देखत नव्हे.

रूथबाई मोडनिंबला बहिणीकडे जायला निघाल्या, त्या दिवशी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. तोवर डोळे बरे झाले होते. सुलभानं डबा दिला होता, अक्कानं चादर. गाडी लागली. रूथबाई खिडकीशी बसल्या. माझ्या पोटात किती दिवस एक वाक्य होतं, ते बोलल्याशिवाय राहवेना. खिडकीच्या गजाला धरून मी म्हणालो, "रूथबाई, माझ्या हातून घडलं ते घडलं. पण एक लक्षात ठेवा. मी नाही ऐकलं, तरी देव तुमची प्रत्येक चिठ्ठी ऐकत होता."

बोलून झाल्यावर मला बरं वाटलं. चांगलं वाक्य होतं.

रूथबाईंनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता चेहऱ्यावर. एखाद्याला पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं, तशा त्या सावकाश म्हणाल्या, "देवाला चिठ्ठी कशाला लागती, पाद्रीसाहेब? त्याला ठावंच हुतं. मी तुमाला सांगत हुते."

कंडक्टरनं घंटा मारली. मी गज सोडला. काही तरी म्हणायला हवं होतं, आणि आयुष्यभर म्हणत आलेलं एकही वाक्य तिथं चालण्यासारखं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो.